कप्पीची बाटली

मिस्त्री मनाने चांगले होते, आणि तिची काळजी नेमकी तिथेच सुरू होत होती. माणूस वाईट असता, दुसऱ्याच्या मुलाचं काय का होईना म्हणणारा असता, तर तिला एवढा घोर लागला नसता. मिस्त्री तसे नव्हते. तिच्या धाकट्याचे हात थरथरू लागले, त्याला दरदरून घाम फुटला, तर ते त्याला टाकून जाणार नव्हते. ते त्याला घट्ट धरून ठेवणार होते. तोंडात घास जाऊ देणार नव्हते, घोटही नाही. कोणी डोकावलंच, तर दार ओढून घेऊन ‘पित्त झालंय’ म्हणून सांगणार होते. आणि हे सगळं मायेपोटी.

त्या मायेपायी आपला मुलगा एखाद्या दिवशी जिवाला मुकेल, हे तिला कळत होतं. मिस्त्रींना कळत नव्हतं, कारण त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. जे सांगितलं होतं ते खोटं होतं, आणि ते तिने स्वतः सांगितलं होतं.

धाकटा लिफ्ट दुरुस्त करायचा. उंच इमारतींच्या लिफ्टची देखभाल करणाऱ्या कंपनीत त्याची आणि मिस्त्रींची जोडी होती. मिस्त्री पन्नाशीचे, रुंद खांद्यांचे, बोलायला फटकळ. धाकटा पंचविशीतला, काटकुळा, तोंडाची टकळी सतत चालू. आल्या आल्या मिस्त्रींनी त्याचं नाव कप्पी ठेवलं. कप्पी म्हणजे ज्या चाकावरून दोर फिरतो ते. “बारीक असते, किरकिर करते, पण तिच्याशिवाय काही वर जात नाही,” असं ते त्यावर म्हणायचे. धाकट्याला ते नाव इतकं आवडलं की घरीसुद्धा तो “कप्पीला चहा मिळेल का?” असं विचारत स्वयंपाकघरात यायचा.

लिफ्टचं वेड त्याला आजारपणातच लागलं. पाचवीत असताना तो बघता बघता वाळत चालला. तांब्यामागून तांब्या पाणी प्यायचा, वर्गात डोकं टेकून झोपायचा. शेवटी शाळेतून त्याला उचलूनच दवाखान्यात न्यावं लागलं. डॉक्टरीणबाईंनी दोघा नवरा-बायकोंना समोर बसवून सांगितलं, “याच्या शरीरात इन्सुलिन तयार होणं थांबलंय. आता ते बाहेरून द्यायचं, रोज, जन्मभर. यात कोणाची चूक नाही.” मग तिच्या चेहऱ्याकडे बघून बाई पुन्हा म्हणाल्या, “कोणाचीच नाही, बरं का.”

त्या मुक्कामात आई सुया टोचायला शिकली आणि मुलगा लिफ्ट शिकला. जरा उभं राहता यायला लागल्यावर तो लिफ्टवाल्याच्या स्टुलाशेजारी जाऊन उभा राहायचा. “काका, ही दुसऱ्या मजल्यावर किंचित खाली थांबते,” असं त्याने सांगितलं, तेव्हा लिफ्टवाला म्हणाला, “मला माहितीये रे. पण दवाखान्यातल्या एवढ्या शहाण्यांना कळलं नाही, तुला कसं कळलं?” “पाय अडखळतो ना.” त्यानंतर बटणं दाबायचं काम त्याच्याकडे आलं. दवाखान्यातून घरी जायच्या दिवशी तो रडला, लिफ्ट सोडायला लागते म्हणून.

रडायला आईलाही निमित्त हवं होतं, पण भेटायला येणाऱ्यांनी तेवढी उसंत दिली नाही. “एवढ्याशा वयात शुगर? ही तर म्हाताऱ्यांची!” असं एकीने म्हटलं. दुसरी म्हणाली, “लाडाने गोड भरवलं असणार, दुसरं काय.” तिसरी शहाणी होती. ती आवाज खाली आणून म्हणाली, “जपून हो. पुढे नोकरी आहे, लग्न आहे.”

हे तिसरं वाक्य मुलाच्या बाबांच्या मनात रुतलं. ते तसे साधे, सरळ, हिशेबी गृहस्थ. घरी येऊन म्हणाले, “झाकली मूठ सव्वा लाखाची. आजपासून बाहेर एक शब्द जाता कामा नये.”

मूठ झाकण्यात घर पटाईत झालं. इन्सुलिन फ्रीजमध्ये लोण्याच्या रिकाम्या डब्यात राहू लागलं. एकदा एका पाहुण्याने पावाला लावायला म्हणून तो डबा उघडला आणि “हे काय?” म्हणाला, तर बाबा पटकन म्हणाले, “डोळ्यांचे थेंब.” त्यावर पाहुणा गंभीरपणे म्हणाला, “मग लोणी कुठे ठेवता?” शाळेत पोटाचा त्रास सांगितला. वाढदिवसांना ‘त्याला केक आवडत नाही’ सांगितलं. खरं तर तो केकवर जीव टाकायचा, आणि इन्सुलिनचा मेळ घालून एक तुकडा खायला डॉक्टरीणबाईंची काही हरकत नव्हती. पण तेवढं समजावायचं, तर मूठ उघडावी लागली असती. मग लोक त्याच्या समोरून ताट पुढे न्यायला शिकले आणि तो “मला नाहीच आवडत” म्हणून हसायला शिकला. तो लहानपणापासून हसरा आहे असं सगळे म्हणत. त्यातलं थोडं हसू तिथलं होतं, हे आईला ठाऊक होतं.

तरीही मुलगा छान उभा राहिला. बोटाला टोचून साखर बघणं, पोटात सुई घेणं, खाण्याचा अंदाज बांधणं, हे सगळं तो दात घासावेत इतक्या सहज करायचा. नोकरी लागली तेव्हा आई घाबरली. उंची, पोकळी, तारांचे दोर. तो म्हणाला, “आई, लिफ्ट पडत नाही. माणसं पडतात, आणि तीही जिन्यावरून.” डॉक्टरीणबाईंनाही त्याने विचारलं. त्या म्हणाल्या, “कर की. वर चढण्याआधी साखर बघायची, गोड काहीतरी हाताशी ठेवायचं, आणि सोबतच्या माणसाला माहीत असू द्यायचं.” पहिल्या दोन गोष्टी त्याने पाळल्या.

तिसरी न पाळायला कारण होतं. कंपनीच्या स्टोअरमध्ये एक जुने मेकॅनिक बसत. पूर्वी तेही शाफ्टमध्ये, म्हणजे लिफ्ट जिथून वरखाली जाते त्या पोकळीत, काम करत. मध्यम वयात त्यांना मधुमेह निघाला. सरळ माणूस, ऑफिसात जाऊन स्वतः सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांना स्टोअरमध्ये बसवलं. तेव्हापासून ते नट-बोल्टचे डबे लावत होते आणि सगळे त्यांना साखरकाका म्हणत होते. “प्रेमानेच म्हणतात,” धाकटा सांगायचा. “अगदी प्रेमाने. चहा देताना रोज कोणीतरी विचारतं, ‘साखरकाका, तुम्हाला बिनसाखरेचा, की बोट बुडवताय?’ तेही हसतात.” आणि याच साखरकाकांबद्दल मिस्त्री एकदा डबा खाता खाता म्हणाले होते, “बिचारा. माणूस सोन्यासारखा. पण त्याच्याबरोबर टपावर उभं कोण राहणार?”

कप्पीने तो घास गिळला आणि मिस्त्रींना कधीच काही कळू द्यायचं नाही, हे त्या दिवशी पक्कं केलं.

टप म्हणजे लिफ्टच्या डब्याचं डोकं. दुरुस्तीच्या वेळी कप्पी तिथे उभा असे आणि मिस्त्री वर गच्चीवरच्या मशीनरूममध्ये. दोघं एकमेकांना दिसत नसत, म्हणून त्यांची हाकांची एक पद्धत होती. मिस्त्री वरून विचारत, “खाली?” कप्पी तोच शब्द परत म्हणे, “खाली.” मग मिस्त्री म्हणत, “चल,” आणि तेव्हाच मशीन हले. तिन्ही हाका जुळल्याशिवाय बटणाला हात नाही. मिस्त्रींचं म्हणणं होतं की या धंद्यात म्हातारं व्हायचं असेल, तर कानांवर विश्वास ठेवायचा.

आणि एका दुपारी हाका जुळल्या नाहीत. जेवायला उशीर झाला होता, सकाळची सुई अंगात काम करत होती, आणि दोर तपासायच्या नादात कप्पीचं लक्ष राहिलं नाही. साखर खाली गेली. साखर खाली गेली की आधी अक्कलच खाली जाते, त्यामुळे आपल्याला काय होतंय हे ज्याचं त्याला समजत नाही. मिस्त्रींनी विचारलं, “खाली?” उत्तर आलं, “वर.” मिस्त्रींनी पुन्हा विचारलं, “खाली?” उत्तरादाखल नुसतं हसणं. मिस्त्रींनी मशीन बंद केलं आणि धापा टाकत खाली आले. कप्पी टपावर बसला होता, शर्ट घामाने चिंब, कमरेच्या सुरक्षापट्ट्याच्या कडीशी बोटांनी चाळा करत आणि असंबद्ध बडबडत. त्यांनी त्याला ओढून बाहेर काढलं. बाहेर आल्यावर कसं कोण जाणे, पण त्याचा हात पिशवीत गेला. संत्र्याच्या रसाची एक छोटी बाटली निघाली, ती त्याने घटाघट संपवली आणि भिंतीला टेकून बसून राहिला. थोड्या वेळात थरथर थांबली, डोळे निवळले, माणूस पहिल्यासारखा झाला.

मिस्त्रींनी हे सगळं पाहिलं आणि त्यांना जे समजायचं ते समजलं.

त्या रविवारी दुपारी घरची बेल वाजली. बाबा बाहेर गेले होते. दारात मिस्त्री, इस्त्रीचा शर्ट, हातात फळांची पिशवी. धाकटा सोफ्यावरून ताडकन उठला. “मिस्त्री? तुम्ही इकडे कुठे?”

“तुझ्याकडे नाही आलो. वहिनींकडे आलोय. तू बस, आणि तोंड मिटून बस, जमलं तर.”

आईने पाणी दिलं. मिस्त्रींनी पेला हातात धरून ठेवला. “वहिनी, कडू बोलायला आलोय. पण मी नाही बोललो, तर कोण बोलणार?”

“बोला ना.”

“पोरगं पितं.”

“काय पितं?”

“आता ‘काय पितं’ काय? दूध पितं हे सांगायला मी दोन बस बदलून आलो असतो होय?”

तिला आधी हसूच आलं. मग तिने मुलाकडे पाहिलं आणि हसू जागच्या जागी विरलं. तो मान खाली घालून बसला होता. मिस्त्री एकेक पुरावा मांडत गेले. जेवणाआधी हा छोटं पाकीट घेऊन बाथरूममध्ये जातो आणि आतून कडी लावतो. कोणी मिठाई वाटली तर हात लावत नाही, “आणि पिणाऱ्याला गोड नको असतं, हे मला विचारा.” परवा टपावर बसून हसत होता. “सात मजल्यांची पोकळी खाली, आणि हा हसतोय, वहिनी! माझे हातपाय गार पडले. आणि बाहेर आल्यावर दोन घोट मारले, की साहेब ठणठणीत. हे तर मी स्वतः केलंय. सकाळी हात थरथरायचे, एक घोट पोटात गेला की घड्याळ दुरुस्त करीन इतके स्थिर.”

“वास येत होता का?” तिने विचारलं. हे आपण का विचारतोय, तिचं तिलाच कळेना.

“नव्हता. हल्ली बिनवासाची मिळते म्हणे. आमच्या वेळी एवढे लाड नव्हते.”

तिच्या जिभेवर खरं आलं होतं. दोनच शब्द लागले असते. तेवढ्यात धाकट्याने मान वर केली आणि मिस्त्रींच्या खांद्याआडून, दिसेल न दिसेल अशी, नकाराची मान हलवली. त्या नजरेत एवढी काकुळत होती, की तसा तो दवाखान्यात पहिली सुई घेतानाही दिसला नव्हता. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं झालं तिला. ती खाली बघून म्हणाली, “हो. आम्हालाही कळलंय. सुटेल हळूहळू.”

मिस्त्रींनी एवढा वेळ हातात धरलेलं पाणी एका दमात पिऊन टाकलं. “बास! आईने कबूल केलं, म्हणजे अर्धी सुटली. उरलेली मी सोडवतो.” आणि त्यांनी उपाय सांगितला. रोज सकाळी याची बाटली आपण मोरीत ओतायची. आणि थरथर सुटली की काही द्यायचं नाही. घट्ट धरून बसायचं, कितीही तडफडला तरी. “माझ्या बायकोने मला असंच धरलं होतं. शिव्या घातल्या मी तिला, चावलो. सोडलं नाही तिने. म्हणून आज तुमच्यासमोर बसलोय.” त्यांचे डोळे भरून आले होते. जाताना दारात थांबून म्हणाले, “ऑफिसात मी पित्त सांगितलंय. माझ्या जबाबदारीवर. तेव्हा कप्पी, मला तोंडघशी पाडू नकोस.”

दार लागलं. मग ती म्हणाली, “दारुडा झालास की रे तू.”

“बढती झाली,” तो म्हणाला. “आतापर्यंत नुसता पोटदुखीवाला होतो.”

“हसू नकोस. तू त्यांना सांगून टाक.”

“आई, दारुड्याला परत घेतात. त्याला समजावतात, त्याच्या घरी फळं घेऊन येतात. सुटली की पाठ थोपटतात. माझं काय सुटणार आहे? मला स्टोअरमध्ये बसवतील आणि साखरकाका नंबर दोन म्हणतील.”

“पण खरं तर…”

“खरं काय? तू तरी कुठे कोणाला सांगितलंस इतक्या वर्षांत?” हे त्याने चिडून नाही म्हटलं. चिडून म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

फळं ती धुऊन ठेवत होती तेव्हा तिला जाणवलं, की मधुमेही मुलाची आई म्हणून तिच्या घरी इतक्या वर्षांत असं कोणी आलं नव्हतं. त्या वेळी येणाऱ्यांनी तिला दोष दिला होता, कडू पाले सुचवले होते, नाहीतर जपून राहायला सांगितलं होतं. दारुड्याची आई झाली आणि पहिल्यांदाच कोणीतरी समोर बसून म्हणालं, आपण दोघं मिळून याला सावरू. तिच्या डोक्यावरचं ओझं घटकाभर हलकं झालं होतं, हे ती स्वतःपासून लपवू शकली नाही. खोट्याच्या बदल्यात का होईना, माया मिळाली होती. आणि धाकट्याला हे तिच्या आधी उमगलं होतं.

पुढचे काही दिवस त्याने सगळं विनोदातच नेलं. मिस्त्री सकाळी बाटली हुंगतात, थोडा रस चाखतात, ‘संत्र्यात मिसळतोस काय रे लबाडा’ म्हणतात आणि मोरीत ओततात. मग हा ग्लुकोजच्या गोळ्या मोज्यात लपवू लागला. “मोज्यात?” आई म्हणाली. “घामाने त्यांचा पाक होईल.” “मग पाय चाटीन.” तिनेही हसून घेतलं.

मग काल तो जेवताना म्हणाला, “आज जरा झालं होतं.”

 बाबांनी पाण्याचा पेला खाली ठेवला.

“फार नाही. मशीनरूममध्येच होतो, टपावर नाही. मला वेळेत कळलं. पण मिस्त्रींनाही कळलं ना! झडपच घातली त्यांनी. मागून मिठी, दोन्ही हात जखडलेले. म्हणाले, ‘सोसून घे बाळा, सोसून घे, जाईल ही वेळ.’ आई, त्या माणसाची पकड म्हणजे ब्रेक आहे ब्रेक. मी म्हणतोय मिस्त्री, खोकल्याची गोळी घ्यायचीये, तर म्हणतात, ‘मला शिकवतोस?’ ”

“मग?” बाबांनी विचारलं.

“मग काय, वळवळ करून खाली बसलो. मोज्यातली गोळी काढली आणि टाकली तोंडात. पाच मिनिटांत सगळं ठीक. मिस्त्री इतके खूश झाले! म्हणाले, ‘बघ, घोट न घेता गेली की नाही?’ ऑफिसला जाताना माझी पाठ थोपटत होते.” तो हसत होता. बाबाही कसनुसं हसले.

आई हसली नाही. “काढायला हात मोकळा होता?”

“एक होता.”

त्याने पुढचा घास घेतला. त्यालाही आपलंच वाक्य ऐकू आलं असावं.

सकाळी तो गेल्यावर ती नवऱ्याला म्हणाली, “मिस्त्रींना सांगायला हवं.”

“अगं, नोकरी जाईल त्याची. आजवर मूठ झाकून ठेवली ती काय उगाच?”

“मूठ झाकून झाकून हात बधिर झालाय, अहो. आत काय होतं तेही आठवत नाही मला.”  ते चष्म्याची काच पुसत राहिले. ती कामाला निघाली तेव्हा मात्र मागून त्यांचा आवाज आला, “बोलशील तर नीट बोल. त्या माणसाला कमीपणा येईल असं नको.”

ती एका वाचनालयात होती, पुस्तकं देण्या-घेण्याच्या टेबलावर. सकाळभर तिच्याकडून चुका होत राहिल्या. एका आजोबांना तिने त्यांचंच परत केलेलं पुस्तक पुन्हा दिलं. ते चार पावलं जाऊन परत आले. “बाई, हे मी वाचलंय. आवडलं नाही, तेही सांगितलं मघाशी.” तिने माफी मागितली. दुपारी वाचकांची वर्दळ ओसरल्यावर ती फोन घेऊन मागच्या जिन्यावर गेली. तिथे फुटक्या पाठीच्या खुर्च्या रचून ठेवलेल्या होत्या. त्यातल्या एकीवर ती बसली.

मिस्त्रींचा नंबर तिच्याकडे होता. ‘कधीही लावा, वहिनी’ म्हणून त्यांनीच दिला होता. तिने तो काढला आणि बघत बसली. हे सोपं होतं. धाकट्याला नकळत बोलून टाकायचं आणि ‘त्याला सांगू नका हं, मी सांगितलं म्हणून’ असं शेवटी जोडायचं. म्हणजे आणखी एक झाकलेली मूठ, आता मिस्त्रींच्या हातात. आणि मुलगा तिथे कामाला राहणार तो आणखी एकाने लपवलेला माणूस म्हणून. तिने तो नंबर लावला नाही.

आजार त्याचा होता. कोणाला सांगायचा, हे त्याने ठरवायचं, याबद्दल तिच्या मनात शंका नव्हती. पण ‘हो, आम्हालाही कळलंय’ हे शब्द तिचे होते. तिच्या घरात, तिच्या तोंडून निघाले होते, आणि त्यांच्याच जोरावर मिस्त्री त्याला जखडून धरत होते. आपले शब्द परत घ्यायला तिला कोणाची परवानगी लागत नव्हती. ते परत घेतले की ‘मग हात का थरथरतात?’ हा प्रश्न उघडा पडणार, हेही तिला दिसत होतं. त्याचं उत्तर त्याने द्यावं. तो गप्प राहिला, तर मात्र ती देणार होती. त्यासाठी तो तिच्यावर रागावला, अबोला धरला, तरी चालणार होतं. रागावलेला मुलगा घरी तरी येतो.

मिस्त्री काय करतील? ‘याच्याबरोबर टपावर कोण उभं राहणार’ असं म्हणतील का? म्हणतीलही. एका घोटासाठी बायकोला चावलेला आणि त्याच बायकोमुळे वाचलेला माणूस साखरकाकांबद्दल तसं बोलला होता, कारण त्याला मधुमेह म्हणजे नट-बोल्टचे डबे एवढंच दाखवलं गेलं होतं. कप्पी आजवर त्यांच्याबरोबर किती इमारतींच्या टपांवर उभा राहिला, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत होतं? ते त्यांनी आठवावं, एवढीच तिची अपेक्षा होती. ते आठवतील की नाही, हे जिन्यात बसून कळणार नव्हतं.

धाकटा आणि मिस्त्री या वेळी एकत्र डबा खातात, हे तिला माहीत होतं. म्हणून तिने मिस्त्रींना नाही, मुलालाच फोन लावला.

“हां आई,” तो म्हणाला. तोंडात घास होता. मागे मिस्त्री कोणाला तरी रागावत होते. “जेवतोय. सुई घेतली, साखर बघितली, सगळं झालं. काय गं?”

‘सुई’ आणि ‘साखर’ हे शब्द त्याने अगदी हळू उच्चारले होते.

“मिस्त्री शेजारी आहेत ना?”

“आहेत. का?”

“त्या दिवशी मी त्यांच्याशी खोटं बोलले, ते मला परत घ्यायचंय. तुझ्यासमोर. तुझ्यापाठी नाही.”

 पलीकडे डब्याचं झाकण कुठेतरी ठेवल्याचा आवाज आला. मग, हळूच, “आई, नको ना.”

“बाळा,” ती म्हणाली, “फोन स्पीकरवर टाक.”